पहिले पान गर्भवतीचे

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघून पळस्पे मागे टाकले की लागणारे कोन हे गाव आज दोन काळांच्या सांध्यावर उभे आहे. एकीकडे भातखाचरांच्या आठवणी जपणारी जुनी घरे आणि दुसरीकडे गिरणी कामगारांसाठी ज्यांची सोडत २०१६ साली निघाली त्या उंच इमारती असा हा पसारा असला, तरी सातवा महिना लागलेल्या सुनेच्या तोंडची एक तक्रार दोन्हीकडे सारखीच ऐकू येते: छातीत आग पडते, आंबट पाणी घशाशी येते, रात्री पाठ टेकवत नाही. यावर वडीलधाऱ्या बायकांचा निवाडा ठरलेला असतो, की बाळाला जावळ भरपूर येणार. आणि निवाडा झाला म्हणजे फिर्याद निकालात निघाली असे समजून जी ती आपल्या कामाला लागते.

या निवाड्याची थट्टा करण्याचा मोह सुशिक्षितांनी आवरलेला बरा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ६४ गर्भवतींची पाहणी करून ही समजूत तपासली, तेव्हा २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष समजुतीच्याच बाजूने पडला. जळजळ अधिक असलेल्या बहुतेक मातांच्या बाळांना केस अधिक होते. पाहणी लहान असल्यामुळे तिला शेवटचा शब्द मानता येत नाही. परंतु आमचा आक्षेप वेगळाच आहे. भाकीत खरे ठरले म्हणून वेदना शमत नाही, आणि सांत्वन हा उपाय नव्हे.

जठराच्या मुखाशी स्नायूंचा जो वळसा असतो, तो अन्न आत घेऊन आम्ल वर येऊ न देणाऱ्या दरवानासारखा असतो. गर्भाशय सैल राहून गर्भ टिकावा म्हणून शरीरात जे प्रोजेस्टेरॉन वाढते, ते या दरवानालाही सैल करते आणि पचनाची गती मंदावते. पुढे वाढते गर्भाशय जठराला खालून रेटू लागते, आणि मग पोटातील आम्लाला वरची वाट मोकळी सापडते. तात्पर्य, हा त्या बाईच्या प्रकृतीचा दोष नव्हे, तिच्या जिभेच्या चोचल्यांचे प्रायश्चित्त तर नव्हेच. आणि प्रसूतीनंतर तो बहुधा आपोआप निवळतो.

नैसर्गिक उपाय म्हटला की आपली दृष्टी प्रथम बरणीकडे वळते. ज्या पनवेलात धूतपापेश्वरची औषधशाळा १८७२ पासून नांदते आहे, त्या तालुक्यात हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु ज्या आयुर्वेदाचा आपण हवाला देतो, त्याचे लक्ष औषधाइतकेच देशकालावर असते. काश्यपसंहिता अम्लपित्त हा विकार पाणथळ, आनूप प्रदेशात अधिक आढळतो असे सांगून, औषधाने गुण न आल्यास देश बदलावा असेही सुचवते. खाड्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखातील सुनेला देश बदलता येत नाही, पण घराचा शिरस्ता बदलता येतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही गृहीत धरू नये. खायच्या सोड्याने क्षणभर ढेकर येऊन बरे वाटते, पण त्यातील सोडियम गर्भवतीला घातक ठरू शकते. आणि ज्येष्ठमध पित्तावर नावाजलेला असला, तरी गर्भावस्थेत तो टाळावा, असाच आधुनिक वैद्यकाचा कौल आहे. थंड दूध किंवा सोलकढी एकीला निववते, तर दुसरीला जाळते. तेथे ज्या त्या स्त्रीचा अनुभव हेच प्रमाण.

खरा उपाय बरणीत नसून घड्याळात आहे, आणि येथेच घराची परीक्षा आहे. पाळी संपवून पुरुषमाणसे परतल्यावर, त्यांची, मुलांची, सासूसासऱ्यांची पाने उठल्यावर, सुकटीचे तिखट कालवण आणि तांदळाची भाकरी घेऊन जी सून साडेदहाला शेवटची जेवायला बसते आणि भांडी आवरून लगेच आडवी होते, तिला कोणत्या काढ्याचा गुण यावा? निजण्याआधी दोन-तीन तास जेवण आटोपावे. दोन भरल्या ताटांऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे. तिखट, तळकट आणि पुन्हा पुन्हा होणारा चहा आवरावा. परकराची नाडी पोटावर आवळू नये. खाली वाकून लादी पुसण्याचे काम दुसऱ्या कोणी उचलावे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करावी आणि डाव्या कुशीवर निजावे. यांत दमडीचाही खर्च नाही. मात्र यांतील एकही गोष्ट तिच्या एकटीच्या अखत्यारीत नाही. घरगुती उपाय म्हणजे घराने करावयाचा उपाय, हा या शब्दाचा सरळ अर्थ आपण विसरलो आहोत.

हे सारे करूनही आग शमली नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्लशामक औषध घेण्यात कमीपणा नाही. मात्र पित्त वाढते म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या गुपचूप फेकून देण्याचा जो प्रघात घरोघर पडला आहे, तो फार महागात पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या होत्या. गोळी सोसत नसेल, तर ती जेवणानंतर घ्यावी, चहा आणि आम्लशामकापासून दोन तास दूर ठेवावी, आणि तरीही त्रास झाला तर आशाताईंना सांगावे. प्रत्येक कळ पित्ताचीच असते, असेही नाही. विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली तीव्र वेदना, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज ही लक्षणे दिसली, तर ती वाढत्या रक्तदाबाची निशाणी असू शकते; तेथे घरगुती उपायांत एक घटकाही न दवडता १०८ ला बोलवावे.

सातव्या महिन्यात आपण तिचे डोहाळजेवण करतो, तिला फुलांनी मढवून पाटावर बसवतो आणि त्या एका दिवशी तिचे पान सर्वांआधी वाढतो. तोच मान उरलेल्या दिवसांत, रोज रात्री आठाच्या सुमारास तिला द्यावा, एवढीच कोनच्या आणि अवघ्या महाराष्ट्राच्या सासवांना आणि त्याहूनही अधिक आग्रहाने त्यांच्या मुलांना आमची विनंती आहे.