भोंगा बोलू दे, लाकूड गप्प करा

'भोंगा' हा आपल्याकडे भांडणाचा शब्द झाला आहे. 2 एप्रिल 2022 रोजी शिवाजी पार्कवरच्या गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरचे भोंगे उतरवण्याची मागणी केली आणि त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुसरा विषय उरला नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले. या सगळ्यात बाजू घेणारे पुष्कळ बोलले. भोंगा कसा असावा, याबद्दल मात्र फारच कमी बोलले गेले.

मला त्याबद्दल बोलायचे आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो आणि सुट्टीत हौसेने प्लायवूडचे हॉर्न बनवतो. वर्गात मी मुलांचे 'सीन' आणि 'स्वाद', 'ल' आणि 'ळ' वेगळे करत असतो. हॉर्न बनवतानाही माझे तेच चाललेले असते: निघालेले अक्षर जसेच्या तसे कानापर्यंत पोहोचवायचे.

शेताच्या बांधावरून कुणाला हाक मारायची तर आपण दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरतो. हॉर्नचे तत्त्व तेवढेच. तुतारी, शिंग, सनईचे पितळी तोंड ही सगळी त्याचीच भावंडे. स्पीकरचा पडदा जड असतो, हवा हलकी. मोकळ्या हवेत पडदा हलला तरी हवा बाजूला सरकते आणि बरीच मेहनत वाया जाते. अरुंद घशातून सुरू होऊन हळूहळू रुंद होत जाणारी वाट दिली की पडद्याला हवेचा टेकू मिळतो. साध्या पेटीतला स्पीकर विजेचा साधारण 1 टक्का भाग आवाजात बदलतो. चांगला हॉर्न 10 टक्क्यांच्याही पुढे जातो.

म्हणूनच वॅट महाग होते त्या काळात हॉर्न बहरला. 1920 च्या दशकाच्या शेवटी सिनेमा बोलू लागला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत पडद्यामागे वेस्टर्न इलेक्ट्रिकचे भलेमोठे लाकडी हॉर्न असत आणि आजच्या लग्नातल्या ॲम्प्लिफायरच्या मानाने नगण्य वीज घेऊन ते अख्खे थिएटर भरून टाकत. आर्कान्सा राज्यातल्या होप या लहान गावात पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात बसणारा प्लायवूडचा हॉर्न घडवला. खोलीच्या दोन भिंतींनाच त्यांनी हॉर्नचा पुढचा भाग करून टाकले. 1946 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि तो हॉर्न आजही बनतो. थोडक्या विजेत जास्त काम, ही या कलेची मूळ नियत. आपण तिचे उलटे केले. वॅट स्वस्त झाले तसा भोंगा जोर दाखवण्याचे हत्यार झाला.

घरी बनवायचा तर हिशेब अवघड नाही. बोलणे समजण्यासाठी साधारण 300 हर्ट्झच्या वरचा भाग पुरतो. जुना टेलिफोनही तिथूनच सुरू होत असे. 300 हर्ट्झच्या हॉर्नमध्ये वाटेचे क्षेत्रफळ दर 6.3 सेंटिमीटरला दुप्पट व्हावे लागते. घसा 2 इंची गोल धरला तर साधारण 36 सेंटिमीटर लांबीनंतर चौकोनी तोंड 32-33 सेंटिमीटर बाजूचे होते. गोल घसा चौकोनी वाटेला जोडताना लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांची लुगदी भरून सांधा गुळगुळीत करायचा. वक्र भिंतींसाठी प्लायच्या पाठीवर करवतीच्या खाचा पाडून तो वाकवायचा, नाहीतर पातळ प्लायचे थर एकमेकांवर चिकटवायचे. तोंडाच्या कडा बाहेरच्या बाजूला गोल वळवायच्या. कडा धारदार राहिली तर आवाज तिथे आपटून थोडा मागे फिरतो आणि बोलणारा नाकात बोलतोय असे वाटते.

इथपर्यंत बरेच जण येतात. खरे काम पुढे असते आणि नेमके तेच टाळले जाते. हॉर्नच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. 'टण्ण' आले तर ती भिंत ढोलकीच्या पानासारखी आहे. आतून आवाज गेला की तीही आपला सूर लावणार आणि अक्षर संपल्यावरही गुणगुणत राहणार. मागच्या अक्षराची ही शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. त्यातून 'है' चा 'ऐन' होतो, 'सीन' आणि 'स्वाद' एकाच पोत्यात जातात. अशा वेळी ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो. आवाज वाढला की भिंत आणखी जोरात गुणगुणते.

उपाय साधे आहेत. मोठा सपाट पत्रा नको, लाकडी पट्ट्या लावून त्याचे लहान आणि असमान तुकडे करायचे. पट्ट्या बाहेरून लावायच्या म्हणजे आतली वाट गुळगुळीत राहते. एका जाड प्लायऐवजी दोन पातळ प्लाय घ्यायचे आणि मध्ये रबरासारखा मऊ थर द्यायचा. दोन कडक थर एकमेकांवर सरकू पाहतात आणि मधला मऊ थर ती ताकद गिळून तिची उष्णता करतो. गाडीच्या दारात आतून लावतात ती डांबरी पट्टीही चालते. माझ्या आवडीचा उपाय मात्र वाळूचा. दुहेरी भिंत करून मधल्या फटीत वाळू भरायची. इंग्लंडमध्ये व्हार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी स्पीकरच्या फळ्यांत वाळू भरून ही युक्ती हौशी लोकांपर्यंत नेली. वाळूचा प्रत्येक कण शेजारच्या कणावर घासतो आणि कंप तिथेच विरतो. वाळू कडकडीत उन्हात वाळवलेली हवी, ओली वाळू प्लाय कुजवते. भरून झाल्यावर पुन्हा टकटक करायची. 'ठप्प' असा मेलेला आवाज आला की काम झाले.

एक चूक मात्र वारंवार दिसते. कर्कशपणा घालवायचा म्हणून लोक हॉर्नच्या तोंडातच फोम नाहीतर कापूस कोंबतात. त्याने भिंत गप्प होत नाही, अक्षरांच्या कडा तेवढ्या जातात. नियम सोपा आहे: वाट मोकळी ठेवा, भिंत गप्प करा.

आता मशिदीकडे येऊ. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. लाऊडस्पीकर जिथे लावला त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून जास्त होता कामा नये, म्हणजे दिवसा 65. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. चांगला हॉर्न 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर साधारण 105 डेसिबल देतो आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल कमी होतात. हद्द 20 मीटरवर धरा. तिथे 65 डेसिबल ठेवायला एका वॅटचा पंचविसावा भाग पुरतो. आणि आपण मिनारावर चार दिशांना चार भोंगे बांधून खाली शे-दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर ठेवतो. आवाज 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. चार भोंगे आणि शेजारच्या दोन मशिदी मिळून एकाच बांगेचे किती तुकडे कानावर येतात, ते गल्लीच्या टोकाला उभे राहून ऐकावे.

कायद्याने आवाज कमी ठेवायचा असेल तर प्रत्येक अक्षर स्वच्छ असणे आणखी गरजेचे होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की हे काम जमातीने स्वतः हातात घ्यावे. पोलिसांची नोटीस येण्याची वाट पाहू नये आणि कुणाच्या सभेला उत्तर म्हणूनही करू नये. एकच नीट बनवलेला, भिंती गप्प केलेला हॉर्न आपल्याच मोहल्ल्याकडे तोंड करून लावावा. ॲम्प्लिफायरचे बटण ठरलेल्या खुणेवर कायमचे पक्के करावे. फजरची वेळ वर्षातला बहुतेक काळ 6 च्या आधी येते, तेव्हा बांग विजेविना द्यावी. हजरत बिलाल (रजि.) यांना अजान देण्यासाठी निवडले गेले ते त्यांच्या आवाजासाठी. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतो, हे आपण मदरशात मुलांना शिकवतोच.

'फक्त आम्हीच का?' हा प्रश्न येणार आणि तो चुकीचा नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीतली डीजेची भिंतही प्लायवूडचीच असते. तिच्यापुढे म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. नियम सगळ्यांना सारखाच लागला पाहिजे, आणि तो तसा लागत नसेल तर त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण अलीकडे ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येही तशीच भिंत ट्रकवर चढू लागली आहे. ज्यांच्या नावाने जुलूस निघतो त्यांच्या शिकवणीत शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे, हे ट्रकमागे नाचणाऱ्या पोराला कुणीतरी सांगायला हवे. दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या ट्रकवरची भिंत झाकत नाही.

त्या पोराच्या हातात करवत द्यावी असे मला फार वाटते. एका हॉर्नमध्ये त्याला गणितातली दुपटीची वाढ भेटते, विज्ञानातला अनुनाद भेटतो, सुतारकाम येते आणि शेवटी स्वतःचे उच्चार तपासायला एक यंत्र मिळते. डीजेच्या पेट्या बनवणाऱ्या कारागिरांकडे हात आहेत, कसब आहे. त्यांना गिऱ्हाईक मात्र एकच गोष्ट मागते: आणखी जोर. आपल्या मशिदीने, शाळेने, लग्नघराने त्यांच्याकडे स्पष्टपणा मागायला सुरुवात केली, तर ते तोही बनवून देतील. पुढच्या वेळी कमिटीत नव्या भोंग्याचा विषय निघाला की किती वॅटचा, हे विचारण्याआधी ट्रस्टींनी त्याच्यावर पेराने टकटक करून पाहावी.