तेरा वर्षांनंतरचा दंड

जपानमध्ये एक एप्रिल रोजी ज्याच्या नावावर मोटार असेल, त्याच्या घरी मे महिन्यात वाहनकराची नोटीस येते. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या पहिल्या नोंदणीला तेरा वर्षे होऊन गेली असली, की या नोटिशीतील आकडा सुमारे पंधरा टक्क्यांनी फुगतो. शिवाय ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला ती तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. त्या वेळी भरावयाचा वजनावरचा कर तेराव्या वर्षी चढतो आणि अठराव्या वर्षी पुन्हा चढतो. गाडी वर्षभरात पाचशे किलोमीटर धावली की पंचवीस हजार, तिचे इंजिन काल दुरुस्त झाले की दहा वर्षांपूर्वी, याची चौकशी हा कर करीत नाही. तो केवळ वय विचारतो.

ज्या देशाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारनिर्मितीत जगाला मागे टाकले, त्याच देशाने आपल्या जुन्या मोटारींना अशी वागणूक द्यावी, हे चमत्कारिक आहे. या गाड्या म्हणजे केवळ श्रीमंतांची खेळणी, असे समजून हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. त्यांच्यामागे एक इतिहास आहे, आणि तो युद्धात हरलेल्या राष्ट्राच्या कारागिरीचा इतिहास आहे.

युद्धानंतर जपानला विमाने बनवण्यास बंदी झाली. विमानांच्या कारखान्यांतील अभियंते बेकार झाले आणि त्यांतील काही मोटारींकडे वळले. प्रिन्स ही कंपनी अशाच दोन कारखान्यांच्या अवशेषांतून उभी राहिली. १९६४ साली सुझुका येथील शर्यतीत या कंपनीच्या स्कायलाइन गाडीने जर्मनीच्या पोर्शे ९०४ ला एका फेरीपुरते मागे टाकले. शर्यत पोर्शेनेच जिंकली. पण दुसऱ्या क्रमांकापासून सहाव्यापर्यंत स्कायलाइनच होत्या, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती ती एक फेरी. दोन वर्षांनी प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. १९६९ साली त्याच अभियंत्यांनी स्कायलाइनची ‘जीटी-आर’ ही आवृत्ती बाजारात आणली. बाहेरून पाहावे तर साधी, चौकोनी, चार दारांची गाडी. कारकुनाने रविवारी कुटुंबाला घेऊन जावे अशी. आत मात्र शर्यतीच्या गाडीवरून बेतलेले दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, चोवीस झडपांचे इंजिन होते. त्याची ताकद १६० अश्वशक्ती होती. १९७२ पर्यंत या गाडीने जपानमधील सुमारे पन्नास शर्यती जिंकल्या. तिच्या पेटीसारख्या आकारावरून लोकांनी तिला ‘हाकोसुका’ म्हणजे ‘पेटी-स्कायलाइन’ असे लाडके नाव दिले.

पुढची जीटी-आर १९७३ साली आली. तोवर धुरावरील नवे निर्बंध दाराशी येऊन ठेपले होते. त्यामुळे १९७ गाड्या बनवून कंपनीने ती बंद केली. जीटी-आर हे नाव त्यानंतर सोळा वर्षे नाहीसे झाले. १९८९ साली ते परत आले ते दोन टर्बो बसवलेले २.६ लिटरचे इंजिन घेऊन. चारही चाकांना गरजेप्रमाणे शक्ती वाटून देणारी यंत्रणाही तिच्यात होती. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत ज्या २९ शर्यतींत ही आर-३२ गाडी उतरली, त्या सर्व २९ तिने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी सलग दोनदा जिंकली. तेथील एका मासिकाने तिला ‘गॉडझिला’ हे राक्षसाचे नाव दिले आणि ते तिला कायमचे चिकटले. गंमत अशी, की जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलेल्या मर्यादेमुळे २००४ पर्यंत कागदोपत्री कोणत्याही जपानी गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर जात नसे. प्रत्यक्षात इंजिने काय देत होती, हे सर्वांना ठाऊक होते. सभ्यता राखण्याची ही खास जपानी रीत म्हणावी लागेल.

ही गाडी निघाली तेव्हा जपानी गृहस्थाच्या लेखी ती काही वर्षे वापरून विकून टाकण्याची वस्तू होती. कर आणि शाकेनचा खर्च वाढू लागला की गाडी विक्रीच्या लिलावात जाई. तेथून ती परदेशी जाई, नाही तर भंगारात. आर-३२ पासून आर-३४ पर्यंतच्या अनेक गाड्या अशाच ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनला गेल्या. अमेरिकेचा दरवाजा मात्र बंद होता. १९८८ च्या तेथील कायद्याने, अमेरिकी सुरक्षा-नियमांनुसार न बनलेली गाडी आयात करणे जवळजवळ अशक्य करून ठेवले; अपवाद पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचा. म्हणून १९८९ ची आर-३२ अमेरिकेत कायदेशीर झाली ती २०१४ साली, आणि १९९९ ची आर-३४ झाली २०२४ साली. या मधल्या काळात दूरदर्शनवरील खेळ आणि हॉलिवूडचे चित्रपट पाहून वाढलेली एक पिढी कमावती झाली होती. एका चित्रपटात वापरलेली निळी आर-३४ २०२३ साली साडेतेरा लाख डॉलरांवर विकली गेली. त्याआधी, २०१३ साली, यामाहाच्या साहाय्याने बनलेल्या आणि सारी मिळून साडेतीनशेच्या आसपास निघालेल्या टोयोटा २०००-जीटीपैकी एकीने दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला होता.

एका देशाचा कायदा पंचवीस वर्षे झाली की गाडीला आत घेतो. दुसऱ्या देशाचा कायदा तेरा वर्षे झाली की तिला बाहेर ढकलतो. या दोन कायद्यांच्या मधल्या बारा वर्षांत जपानच्या या वारशाचा मोठा भाग देशाबाहेर गेला, यात नवल ते काय?

इतरांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्थितीत राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची क्रमांकपाटी मिळते, आणि इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला १९१ युरोच्या आसपास एकच ठरावीक कर भरावा लागतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांची गाडी वाहनकरातून मुक्त होते. हे दोन्ही देश प्रदूषणाबाबत बेफिकीर आहेत, असे कोणी म्हणणार नाही. जुन्या गाडीची राखण करणारा मनुष्य समाजाचे काही काम करतो, एवढेच त्यांनी मान्य केले आहे.

हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना प्रदर्शनातील चकचकीत गाडी पाहून येत नाही. प्रस्तुत लेखकाला स्वतः गाडी चालवता येत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. पण दुरुस्ती समजून घेण्यासाठी परवाना लागत नाही. १९७० च्या सुमाराच्या जपानी गाड्यांचा पत्रा पातळ होता आणि गंजापासून त्याला पुरेसे संरक्षण नव्हते. रंग खरवडला की खालून दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी आणि पाय ठेवण्याची जमीन चाळणीसारखी निघते. असा पत्रा कापून नवा ठोकून, त्याच वळणाचा करून वेल्डिंगने जोडावा लागतो. पुट्टी भरून वरून रंग मारणे सोपे. पण तो गंज दोन पावसाळ्यांत पुन्हा डोके वर काढतो. हाकोसुकाच्या इंजिनावर तीन कार्बोरेटर आहेत आणि त्या तिघांचा श्वास एकसारखा चालला पाहिजे. हे जुळवणारा मिस्त्री कानाने काम करतो, आणि तो कान पुस्तकातून मिळत नाही.

१९९० च्या आसपासच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, आणि एका परीने अधिक अवघड. लोखंड घडवता येते. पण रबराच्या नळ्या वाळून तडकतात, उन्हाने डॅशबोर्ड फुटतो, वायरिंगवरचे आवरण ठिसूळ होते. इंजिनावर हुकमत चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतील छोटे कपॅसिटर गळू लागतात आणि त्यांतील द्रव खालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. माझदाच्या आरएक्स-७ मध्ये दट्ट्यांऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर असतो. त्याच्या तीन टोकांवरील बारीक पट्ट्या झिजल्या की दाब कमी होतो आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू होईनासे होते. याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यत जिंकणारे हे इंजिन सुस्थितीत ठेवायचे, तर ते पूर्ण उघडून जुळवू शकणारा मनुष्य लागतो. असे मिस्त्री म्हातारे होत चालले आहेत.

कंपन्यांना आपली जबाबदारी उशिरा का होईना समजली, हे मान्य केले पाहिजे. होंडाने तर फार लवकर, १९९३ सालीच, आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या एनएसएक्स गाडीसाठी नूतनीकरणाची खास सोय केली. गाडी कारखान्याकडे परत पाठवायची आणि तिला जन्म देणाऱ्या मंडळींच्या हातून ती पुन्हा उभी करून घ्यायची, अशी ही कल्पना होती. माझदाने २०१७ च्या अखेरीस पहिल्या रोडस्टर गाडीसाठी असेच काम सुरू केले. ही गाडी १९८९ ची, स्वस्त आणि छोटी, शिक्षकाच्या पगारात बसेल अशी. मालकांशी बोलून तिच्यासाठी कापडी छत आणि लाकडी सुकाणूचक्रच नव्हे, तर त्या काळचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेण्यात आले. निस्सानने त्याच वर्षी आर-३२ चे बंद झालेले सुटे भाग पुन्हा काढण्यास प्रारंभ केला. टोयोटाने २०२० पासून सुप्राचे आणि २०००-जीटीचे भाग उपलब्ध केले. त्यांतील २०००-जीटीचे भाग केवळ प्रत्यक्ष मालकालाच मिळतात. ते साठवून चढ्या भावाने विकणाऱ्यांचा हा बंदोबस्त आहे आणि तो योग्यच आहे.

परंतु यात एक खोच आहे. भाग निघाले ते कोणाचे? ज्यांना आधीच भाव आला आहे त्यांचे. जीटी-आरचे वायरिंग मिळते. त्याच काळातील साध्या स्कायलाइनच्या मालकाला, त्याची गाडी वडिलांनी घेतलेली असली तरी, भंगारवाल्याकडेच हिंडावे लागते. कंपनीच्या औदार्यावर वारसा सोपवला की तो बाजारभावाप्रमाणे वाटला जातो. बंद झालेल्या भागांची आरेखने ठरावीक मुदतीनंतर लहान कारखानदारांना माफक शुल्कात द्यावीत, असा नियम सरकारने करायला हवा. कंपनीला स्वतः भाग करायचे नसतील, तर निदान दुसऱ्याला करू द्यावेत.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. जुने इंजिन दर किलोमीटरमागे नव्यापेक्षा जास्त विषारी धूर सोडते, ही गोष्ट खरी आहे. पण मग कर धुरावर आणि अंतरावर बसवा. शाकेनच्या वेळी धूर मोजला जातोच. गाडी किती धावली तो आकडाही तेथे नोंदला जातो. हाताशी मोजमाप असताना सरकारने अंदाजावर दंड का करावा? पेट्रोलवर कर आहेच. कमी धावणारा कमी पेट्रोल जाळतो. शिवाय नवी गाडी घडवताना जे पोलाद, वीज आणि खनिजे खर्ची पडतात, त्यांचा हिशेब या तेरा वर्षांच्या नियमात कोठेच दिसत नाही. हा नियम हवेची जितकी काळजी वाहतो, त्याहून अधिक नव्या गाड्यांच्या खपाची वाहतो, असा संशय घेण्यास जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. या गाड्यांचे काही शौकीन रात्रीच्या वेळी सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावीत आणि घाटांत चाके घसरवीत. त्यांच्यामुळे माणसे मेली आहेत. त्या प्रकाराची भलावण कोणी करू नये, आणि चित्रकथांनी त्याला दिलेल्या मोहक रूपालाही भुलू नये. पण त्यासाठी रस्त्यावरील पोलीस हवा. महिन्यातून एका रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्या साठीच्या गृहस्थाकडून अधिक कर घेतल्याने तो घाट सुरक्षित होत नाही.

टोयोटाने २०२३ च्या जानेवारीत एक तडजोड लोकांपुढे मांडली. १९८० च्या दशकातील एई-८६ या लोकप्रिय गाडीत एकदा विजेची मोटर आणि एकदा हायड्रोजन जाळणारे इंजिन बसवून दाखवले. युक्ती हुशारीची आहे. ज्या गाडीचे इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले, तिला असे जीवदान मिळाले तर हरकत नसावी. मात्र धडधाकट इंजिन उपटून तेथे बॅटरी ठेवणे याला जतन म्हणता येणार नाही. वाड्याचा दर्शनी भाग ठेवून मागे सिमेंटची इमारत उठवावी, त्यातला हा प्रकार. पुण्या-नाशिकच्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आपणही येथे फार शहाणे ठरलो आहोत असे नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून मुंबईची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्या चालकाला आणि मिस्त्रीला पन्नास वर्षे थांबण्याची सवड नव्हती. जपानच्याच सुझुकीशी हात मिळवून १९८३ साली निघालेली पहिली मारुती ८०० कंपनीने दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली आहे. तिच्यामागून निघालेल्या लाखो मारुतींपैकी चालत्या स्थितीतील एखादी राखण्याची कोणाची इच्छा असेल, तर पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याने काय करावे, याला आपल्या नियमांत धड उत्तर नाही.

जपानमध्ये निदान प्रश्न तरी स्पष्ट आहे. वाढीव कराचे ते कलम रद्द करावे, नाही तर त्यात तीस वर्षांवरील सुस्थितीतील गाड्यांचा अपवाद घालावा. याने सरकारी तिजोरीला पडणारा खड्डा फार मोठा असणार नाही. तोवर दरवर्षी मे महिन्यात काही मालक वाढीव आकडा पाहतील, काही कुरकुरत भरतील, आणि काही जण त्या आठवड्यात लिलावगृहाला फोन करतील. पलीकडे परदेशी व्यापारी वाटच पाहत असतो.