फोर बाय फोर घेताय? मॉडेलच्या नावाआधी टायरचा आकडा वाचा

मेहकर तालुक्यातील जानेफळ परिसरात एकाच गाडीला दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर चालावे लागते. पावसाळ्यात वावरापर्यंत जाणारी पांदण काळ्या, चिकट मातीची असते. तीच गाडी दुपारी मेहकरजवळून समृद्धी महामार्गावर चढते, तेव्हा कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असते. या दोन्ही ठिकाणी भरवशाची ठरेल अशी गाडी घेताना बरेच खरेदीदार सर्वात वरच्या मॉडेलकडे वळतात. मात्र चिखलातून गाडी बाहेर काढणाऱ्या बहुतेक गोष्टी वरच्या मॉडेलच्या जादा किमतीत येत नाहीत. काही बाबतीत तर खालचे मॉडेलच वावरासाठी सरस ठरते.

आकडा काय सांगतो?

महिंद्रा थारचे उदाहरण घेऊ. २०२० मध्ये आलेल्या थारच्या एएक्स मॉडेलला २४५/७५ आर १६ मापाचे टायर आणि लोखंडी डिस्क होत्या. महागड्या एलएक्सला २५५/६५ आर १८ टायर आणि अलॉय व्हील. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दाखवतो. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा आकडा रिमचा, इंचात.

हिशेब केला तर १६ इंची चाकाचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर आणि १८ इंचीचा सुमारे ७८९. फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा. पण १६ इंची टायरची भिंत १८४ मिलिमीटर, तर १८ इंचीची १६६. म्हणजे स्वस्त मॉडेलमध्ये रिम आणि दगड यांच्यामध्ये जवळपास दोन सेंटिमीटर जास्त रबर आहे. खड्ड्याचा दणका हेच रबर आधी झेलते. शिवाय लोखंडी डिस्क वाकली तर गावातल्या गॅरेजमध्ये ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर बहुधा चाकच बदलावे लागते.

थारमधली खरी विभागणी मॉडेलच्या नावात नसून चाकांना मिळणाऱ्या ताकदीत आहे. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळू लागली. दिसायला ती सारखीच, किमतीत कमी. पण ओल्या काळ्या मातीत तिला पुढच्या चाकांची मदत नाही. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर केवळ डिझेलमध्ये आणि वरच्या काही मॉडेलमध्येच मिळते. उलट मारुती जिम्नी २०२३ मध्ये आली तेव्हा झेटा आणि अल्फा या दोन्ही मॉडेलमध्ये फोर बाय फोर होते, टायरही एकाच मापाचे, १९५/८० आर १५. त्यामुळे ‘वरचे की खालचे’ विचारण्याआधी ‘लो रेंज असलेले फोर बाय फोर कोणत्या मॉडेलपासून सुरू होते’ हे विचारलेले बरे.

सस्पेन्शन: उंची कुठे वाढते?

थारच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल. अखंड ॲक्सलवर एक चाक उंचवट्यावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि जमीन धरून राहते. स्वतंत्र सस्पेन्शन डांबरी रस्त्यावर जास्त स्थिर आणि आरामशीर. बोलेरोला मागे पाटे आहेत. ते रिकाम्या गाडीत आपटतात, पण ओझे पेलतात आणि दुरुस्ती सोपी. बियाणे-खताची पोती वाहणे हे रोजचे काम असेल, तर पाट्यांना कमी लेखू नये.

बाहेरून लिफ्ट किट बसवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पांदणीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. लिफ्ट किटने बॉडी उंच होते, मात्र अखंड ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. आणि ७७४ मिलिमीटरच्या जागी ३३ इंची, म्हणजे सुमारे ८३८ मिलिमीटरचा टायर घातला, तरी गोळा उचलला जातो फक्त ३२ मिलिमीटर. त्या बदल्यात खालच्या गिअरमधली ओढ कमी होते आणि मीटरवर ८० दिसत असताना गाडी सुमारे ८७ ने धावत असते.

कायद्याचाही अडसर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याचा दावा करताना असा बदल अडचणीचा ठरू शकतो.

पैसा कुठे घालावा?

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. या दराने मॉडेलवर जादा मोजलेला प्रत्येक लाख म्हणजे जवळपास १९ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. एवढे पीक मोठ्या स्क्रीनवर आणि अलॉयवर घालण्यापेक्षा चार चांगल्या टायरवर घालणे शहाणपणाचे.

टायर निवडताना मात्र दोन्ही रस्ते डोळ्यांसमोर हवेत. मड टेरेन टायरच्या गोट्या मोठ्या आणि विरळ असतात, त्यामुळे चिकटलेली माती फिरताना झडते. पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज जास्त. आठवड्यात चार दिवस पक्क्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मूळ मापाचे ऑल टेरेन टायर पुरेसे आहेत. चिखलात शिरताना हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. बाहेर आल्यावर ती पुन्हा भरायलाच हवी; कमी हवेचा टायर महामार्गाच्या वेगात तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप म्हणूनच सनरूफपेक्षा उपयोगाचा. जुनी गाडी घेताना टायरवरचे चार आकडे पाहावेत: २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर.

एवढे करूनही काळ्या मातीपुढे कधी कधी कोणतीही गाडी हरते. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती याच अडचणीवर. मुरूम पडलेली, कडेला नाली असलेली पांदण झाली तर बैलगाडी, दुचाकी आणि शाळेत जाणारी मुले अशा सगळ्यांचीच सोय होते. तोवर गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये तीन प्रश्न विचारावेत: लो रेंज आहे का, टायरची भिंत किती उंच आहे आणि डिस्क लोखंडी मिळेल का? रंग आणि स्क्रीन त्यानंतर.