'तिथे काही नाही' : पोर्तोफिनो, जिनोआ आणि मुळशी

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमचे एक प्राध्यापक स्नेही सपत्नीक भूमध्य समुद्रातील पर्यटनबोटीची सफर करून आले. परतल्यावर रिवाजाप्रमाणे चहा आणि छायाचित्रे असा कार्यक्रम झाला. इटलीच्या जिनोआ बंदरात त्यांची बोट सकाळी लागून संध्याकाळी सुटली होती. मधले आठ तास कसे घालवले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "जिनोआत काही नाही हो. गोदी, गल्ल्या आणि गर्दी. आम्ही सरळ पोर्तोफिनो गाठले. अगदी आपल्या लवासासारखे आहे!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ती वाक्ये मनातून जाईनात. एक तर मूळ गाव त्याच्या नकलेसारखे वाटावे, अशी पाळी आली होती. दुसरे, 'तिथे काही नाही' हे वाक्य आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहोत. आम्ही मुळशी तालुक्यातील मुलांना मराठी शिकवतो. पुण्याहून कोणी पाहुणा आला की तोही हेच म्हणतो : धरण आणि लवासा सोडले तर मुळशीत आहे काय?

आमचे म्हणणे असे की 'काही नाही' हे त्या गावाचे वर्णन नव्हे. ते बोलणाराच्या वाचनाचे वर्णन आहे; आणि बोलणारा मराठीचा अध्यापक असेल, तर ती कबुलीच म्हटली पाहिजे.

प्रथम जिनोआ घेऊ. पोर्तोफिनो हे त्याच जिनोआच्या महानगर प्रदेशातले, जेमतेम काहीशे वस्तीचे टुमदार बंदर. जिनोआ मात्र शतकानुशतके दर्यावर्दी प्रजासत्ताक होते. युरोपातील आद्य बँकांपैकी एक, सान जॉर्जोची बँक, तिथे १४०७ साली स्थापन झाली. तिथल्या जुन्या उमरावांचे वाडे २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पोटासाठी अमेरिकेची वाट धरणाऱ्या लक्षावधी इटालियनांनी स्वदेशाचा निरोप घेतला तो याच धक्क्यांवरून. हे सारे कोणत्याही माहितीपुस्तकात सापडते, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

मराठी वाचकाला जिनोआ परके वाटू नये याचे कारण निराळेच आहे. जोसेफ मॅझिनीचा जन्म १८०५ साली या शहरात झाला. त्याचे जन्मघर आज संग्रहालय आहे आणि त्याची समाधी शहरातील स्ताल्येनोच्या दफनभूमीत आहे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून केलेले त्याच्या आत्मचरित्राचे व राजकीय लेखनाचे मराठी भाषांतर १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. सावरकरांच्या राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. आमच्यातही त्याबाबत एकमत नाही. परंतु इटलीतले एक बंदर मराठी भाषेत आले ते पाटीवरचे नाव म्हणून नव्हे, विचार म्हणून आले, एवढे कोणालाही मान्य व्हावे. एम. ए.ला आधुनिक मराठी गद्याचा इतिहास शिकवणारा माणूस आठ तास जिनोआत असतो आणि 'काही नाही' म्हणून निघून येतो, याला काय म्हणावे?

आता मुळशी. लंडनच्या 'इंडिया हाऊस'च्या त्याच वर्तुळात वावरलेला पारनेरचा एक तरुण पुढे मायदेशी परतला आणि या तालुक्यात उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती मुळशीने दिली. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. पन्नासच्या वर गावांच्या भाताच्या जमिनींवर संकट आले. वीज मुंबईसाठी होती, पाणी घाट उतरून भिऱ्याला जाणार होते. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे मराठी निबंधाच्या इतिहासात आम्ही शिकवतो. या सत्याग्रहापायी ते तुरुंगात गेले, हे किती वर्गांत सांगितले जाते? विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी अभ्यास मांडला. पुण्याच्या सावकारांना भरपाई हवी होती, मावळ्यांना जमीन हवी होती, आणि या भेगेतून लढा कसा खचत गेला हे त्यांनी दाखवले. २००९ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने या सत्याग्रहाला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. जगातले पहिले, आणि पुण्याहून अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरांवर. तरीही 'काही नाही'.

याच तालुक्याच्या मोसे खोऱ्यात, शिवकाळातील बाजी पासलकरांच्या मुलखात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी पोर्तोफिनो उभे राहिले. रंगीत घरांची रांग, पाण्याकडेचा फिरण्याचा मार्ग, रस्त्यांना इटालियन नावे. आराखडा अमेरिकी वास्तुसंस्थेचा. खुद्द 'लवासा' हा शब्दही आपल्या कोणत्याही भाषेतला नाही. तो घडवून घेतलेला आहे. मूळ गाव दासवे. पर्यावरणीय परवानगीच्या प्रश्नावरून केंद्रीय मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवले, वर्षभराने अटींसह मंजुरी दिली. २०१८ साली योजना दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली. ही हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे आणि तिचा कायदेशीर निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आमचे काम शब्दांचे आहे, आणि आमची तक्रारही शब्दांपुरती आहे.

या तक्रारीवर एक सहकारी आम्हाला नेहमी अडवतात. ते म्हणतात, "नकलेचा एवढा तिटकारा कशाला? तुमचे अर्धे मराठी रंगभूमीचे वैभव उसनेच आहे. 'विकारविलसित' हॅम्लेटवरून, 'झुंजारराव' ऑथेल्लोवरून, 'ती फुलराणी' पिग्मॅलियनवरून. मग गावाचे रूपांतर केले तर बिघडले कुठे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

रूपांतरात परकी वस्तू आपल्या भाषेत येऊन राहते. देवलांनी ऑथेल्लोला मराठी नाव दिले, मराठी बोलायला लावले, इथल्या प्रेक्षकाच्या मत्सराशी आणि संशयाशी त्याची गाठ घातली. शॉची फुलवाली पु. लं.च्या हाती आली तेव्हा तिच्याबरोबर मराठी बोलींचा आणि त्यांतल्या उच्चनीचतेचा सगळा प्रश्न रंगमंचावर आला. मोसे खोऱ्यात घडले ते याच्या नेमके उलट. तिथे आपल्याच गावाला परके नाव मिळाले आणि गाव बोलायचे थांबले. शिवाय रूपांतरकार मूळ कृती आधी कसून वाचतो. इथे मूळही वाचलेले नाही. इटलीतून आणायचे होते तर जिनोआच्या अरुंद, वाकड्या, माणसांनी गजबजलेल्या गल्ल्याही होत्या. आणले ते बोटीवरून दिसणारे चित्र. परके वाचायचे नाही आणि आपले विसरायचे, अशा दुहेरी आळसाला रूपांतर हे नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. "तालुक्यातल्या पोरांना तिथे काम मिळाले, आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी दोन घटका पाण्याकाठी बसायला मिळाले. तुम्हा पगारदारांना नावांचे सुतक पडले आहे!" यातला टोला आम्ही खातो. पाण्याकाठी बसणाऱ्याशी आमचे भांडण नाही. तिथे चहा विकणाऱ्याशी तर नाहीच नाही. आमचे भांडण लिहिणाऱ्यांशी आणि शिकवणाऱ्यांशी आहे. पुरवण्यांतून 'एका दिवसात इटली' या धर्तीचे लेख येतात, त्यांत ताम्हिणीचे धबधबे येतात, धुके येते, कणसे येतात. माणूस येत नाही. आलाच तर कणीस भाजणारा म्हणून येतो. ज्या मुलखाला माणूस नाही असे वारंवार लिहिले जाते, तो मुलूख रिकामा समजून घेणे पुढच्या माणसाला सोपे जाते. १९२१ साली हेच घडले होते, फक्त तेव्हा पुरवण्या नव्हत्या.

याचा परिणाम आम्ही वर्गात पाहतो. प्रथम वर्षाच्या मुलांना 'माझे गाव' हा विषय दिला होता. खोऱ्यातल्या एका मुलीने पहिल्या ओळीत लिहिले, 'माझे गाव लवासाजवळ आहे.' गावाचे नाव दुसऱ्या पानावर आले, तेही कंसात. निबंध नेटका होता, गुण चांगले पडले. पण तिला असे लिहायला शिकवले कोणी? तिच्या आईवडिलांनी नव्हे. आम्ही शिकवले. प्रवासवर्णन म्हणून आम्ही 'अपूर्वाई' शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवे. मीना प्रभूंच्या 'रोमराज्य'सारखे पुस्तक हाती देतो तेव्हा परका देश मराठी लेखक किती बारकाईने वाचू शकतो, हेही मुलांना दिसते. मात्र तीच बारकाई आपल्या खोऱ्यावर वापरून पाहा, असे आम्ही त्यांना कधी सांगितले नाही.

वास्तविक त्याचा पाठ इथेच पडून आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे आणि त्यातल्या कितीतरी ओव्या मुळशी तालुक्यातल्या कोळावड्यासारख्या गावांतल्या बायांनी सांगितलेल्या आहेत. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या आवाजासह ऐकता येतात. मराठी कवितेचे एवढे मोठे भांडार ज्या वाड्यावस्त्यांतून निघाले, त्यांच्या शेजारी बसून आम्ही लोकसाहित्याच्या व्याख्या लिहून देतो, आणि वर पाहुण्याला सांगतो की इथे काही नाही!

म्हणून यंदा आम्ही एवढे ठरवले आहे. प्रवासवर्णनाच्या प्रकल्पात प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव, त्याच्या वाड्या, शेतांची नावे, बुडालेल्या जमिनीच्या घरात राहिलेल्या आठवणी आणि आजीला येणाऱ्या ओव्या लिहून आणायच्या. 'जवळ' हा शब्द पहिल्या वाक्यात वापरायचा नाही.

आमच्या स्नेह्यांनाही एक विनंती आहे. बोट पुन्हा कधी जिनोआला लागली तर पोर्तोफिनोची गाडी चुकू द्यावी. मॅझिनीचे घर पाहावे आणि आल्यावर आम्हाला त्याविषयी सांगावे. त्या बदल्यात आम्ही त्यांना एक रविवार मुळशी दाखवू. आठ तास पुरणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.