हजेरी चुकली, कारण वेळेला दोन नावं

खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्याचं हजेरीचं सॉफ्टवेअर मी कर्जतहून सांभाळते. ते लिहिलं गेलं विंडोजवर. तिथे आपल्या वेळेचं नाव 'इंडिया स्टँडर्ड टाइम'. सर्व्हर लिनक्सचा, त्याला 'एशिया/कोलकाता' कळतं. नाव सापडलं नाही तर गुपचूप यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरायची, अशी सोय कोडमध्ये होती. पहाटे पाचला कामावर आलेल्याची हजेरी आदल्या रात्री साडेअकराला पडली आणि त्याचा खाडा लागला. ही सोय मला अजिबात मान्य नाही. नाव ओळखता आलं नाही, तर प्रोग्रॅमने तिथेच थांबून बोंब मारावी. हातावर पोट असलेल्याचा रोज असा बुडता कामा नये.

'यूटीसीत साडेपाच तास मिळवले की झालं' हेही चूक. महायुद्धात, 1942 ते 1945, भारताची घड्याळं तासभर पुढे होती. 1943च्या जन्माची पत्रिका साडेपाचावर मांडली तर लग्नरास बदलू शकते. 'एशिया/कोलकाता'मागच्या नोंदीत तो तास आहे. म्हणून डेटाबेसमध्ये हेच नाव ठेवा. विंडोजचं नाव लागेल तिथे युनिकोडचा तयार तक्ता वापरा, स्वतःचा बनवू नका. प्रोग्रॅम डॉट नेटमध्ये असेल, तर त्याच्या 6 व्या आवृत्तीपासून दोन्ही नावं सहसा चालतात. जुन्या कोडला मात्र हात लावावाच लागेल.