पेटीतली भाजी कुणाच्या शेतातली?

पुण्या-ठाण्याच्या अनेक सोसायट्यांत आता दर आठवड्याला भाजीची पेटी येते. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, भाजी शेतावरून थेट येणार आणि पेटीत काय असेल ते पाठवणारा ठरवणार. घरोघरी खटके उडतात ते या शेवटच्या अटीवरून. चातुर्मासात वांगं वर्ज्य असलेल्या घरात चंपाषष्ठीपर्यंत दर आठवड्याला वांगी येऊन पडतात. पितृपक्षात गवार आणि लाल भोपळा हवा असतो, तेव्हा पेटीतून झुकिनी निघते. झुकिनीचं काय करायचं, यावर सासूबाईंचं मत न विचारलेलंच बरं.

आधी पैशांचा हिशेब. समजा पेटी ६०० रुपयांची आणि ६ किलोची. किलोला १०० रुपये पडले, असं वाटतं. पण मेथीची जुडी निवडली की देठांचा ढीग वेगळा निघतो, मुळ्याचा पाला बऱ्याच घरांत कुणी खात नाही आणि शुक्रवारपर्यंत पालक मान टाकतो. पोटात साडेचार किलोच गेली, तर भाव १३३ रुपये झाला. नाक्यावरच्या भाजीवालीशी तुलना करायची ती या आकड्याची. तिच्याकडे हवी तेवढी पाव किलो भाजी मिळते, वर कोथिंबिरीच्या चार काड्याही.

शिवाय पेटी आली म्हणून पिशवी खुंटीला टांगता येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनुसार प्रौढ माणसाने बटाटा सोडून रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी खायला हवी. चौघांच्या घराला आठवड्याला ११ किलो लागली. एवढी भाजी किती घरांत शिजते, हा प्रश्न वेगळा; पण ज्या घरात दोन्ही वेळा स्वयंपाक होत नाही, तिथे पेटी फ्रीजमध्येच सडते.

मग लोक ती घेतात कशासाठी? शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. भावना रास्तच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे थेट विक्रीची वाट कायद्यानेही खुली आहे. मात्र पेटी घरपोच आली म्हणजे मधला माणूस गेला, असं नव्हे. कित्येकदा पुण्यातल्या गुलटेकडीच्या घाऊक बाजाराच्या जागी एक ॲप आलेलं असतं, इतकंच. म्हणून पेटीवाल्याला थेट विचारावं: या ६०० रुपयांतले शेतावर किती पोचतात? उत्तर देताना तो अडखळला, तर त्यातच उत्तर आलं.

पेटीची मूळ कल्पना याहून कडक होती. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने कुटुंबांनी शेतकऱ्यांशी करार केले. १९८६ मध्ये अमेरिकेतही अशी शेतं सुरू झाली. तिथे ग्राहक हंगामाचा भागीदार असतो. पीक चांगलं आलं तर पेटी जड, गारपीट झाली तर हलकी; पैसे मात्र ठरले तेवढेच. आपल्याकडे याची गरज किती आहे, ते २०२३ ने दाखवलं. त्या उन्हाळ्यानंतर टोमॅटो शंभरीपार गेला आणि काही आठवड्यांतच नाशिक जिल्ह्यात २० किलोचं क्रेट २,००० रुपयांवरून ९० रुपयांवर कोसळलं. वर्षभर एकच दर धरून ठेवणारी पेटी अशा वेळी दोघांनाही सावरते. पण टोमॅटो महागताच तो पेटीतून गायब होत असेल आणि स्वस्त होताच तीन किलो येत असेल, तर ती भागीदारी नव्हे. ती घरपोच सेवा आहे, आणि तिला तेवढाच भाव द्यावा.

‘सेंद्रिय’ या शब्दापायी दर चढतो, तिथेही सावध असावं. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर नियमांनी त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती केलेली नाही. त्याचं शेत जाऊन पाहावं. मधे कंपनी असेल, तर ‘जैविक भारत’चं चिन्ह मागावं. आणि भर मे महिन्यात पेटीत टवटवीत फ्लॉवर दिसला, तर तो कुठून आला हे आवर्जून विचारावं.

ज्या घरात रोज भाजी निवडायला कुणीतरी बसतं आणि ‘आज हीच का?’ असं कुणी म्हणत नाही, त्या घराने पेटी जरूर घ्यावी. बाकीच्यांना शेतकऱ्यांचा आठवडी बाजार बरा: पैसे शेतकऱ्याच्या हातात आणि निवड आपली. पेटी घ्यायचीच असेल तर वर्गणी भरण्याआधी चार सुट्ट्या पेट्या मागवून बघा. त्याही डिसेंबरात नकोत, थंडीत सगळ्यांच्याच पेट्या भरगच्च असतात. जूनमध्ये मागवा.