फोन आपला, पण फाईल कोणाची?

कँटीनमध्ये आयफोन की अँड्रॉइड हा वाद रंगला की तो कॅमेऱ्यावर सुरू होतो आणि किमतीवर संपतो. फायलींबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र आधी तेच विचारायला हवं, असं माझं मत आहे. आपण फोनवर कविता लिहितो, नोट्सच्या पीडीएफ साठवतो. पेडण्यात दशावतार असो, डिचोलीत भजन असो की आमच्या वाड्यावर खुरसाकडची लादीन असो, कोणीतरी रेकॉर्ड करतंच. हे सगळं उद्या दुसरीकडे न्यायचं झालं तर?

पहिला आयफोन २००७ साली आला, पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली. अँड्रॉइडने फोनला छोट्या कॉम्प्युटरसारखं वागवलं. केबल लावा, विंडोजवर फोल्डर उघडा, कॉपी करा, झालं काम! आयफोनची समजूत वेगळी होती. फाईल ज्या ॲपमध्ये तयार झाली, तिथेच तिने राहावं. आयफोनवर ‘फाइल्स’ हे ॲप आलं २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. त्यात पेनड्राइव्ह उघडायची सोय २०१९ मध्ये झाली. टाइप-सी पोर्ट मिळाला तो २०२३ च्या आयफोन १५ ला, युरोपियन युनियनने सगळ्यांसाठी एकच चार्जर सक्तीचा करायचं ठरवल्यावर. आजही आयफोन विंडोजला जोडला तर थेट दिसतात ते फोटो आणि व्हिडिओ. बाकीच्या फायलींसाठी वेगळा खटाटोप करावा लागतो.

आयफोनची बाजूही मांडायला हवी. रोजच्या वापरात तो सरळ आहे. प्रत्येक आयफोनवर ‘फाइल्स’ एकसारखं दिसतं. अँड्रॉइडवर कंपनी बदलली की ॲपचं नाव बदलतं, मेनू बदलतो, आणि घरातल्या मोठ्यांना फोनवरून समजावताना आपला जीव जातो. शिवाय अँड्रॉइडही आता दारं लावून घेतोय. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये दुसऱ्या ॲपला सहज शिरता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण मेमरी कार्डाची जागाही बऱ्याच फोनांतून गेली, ते काही सुरक्षेसाठी नव्हे.

तरीही मी अँड्रॉइडच्याच बाजूने आहे, आणि माझं कारण चारशे वर्षं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं. पुढे आणखी दोनदा छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचं ज्ञात नाही. ग्रंथ वाचला, कारण तो लोकांनी हाताने उतरवून घेतला होता. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला. ज्याची नक्कल सहज होते, ते टिकतं. आपल्या भाषेपुरतं मी तरी फोनचं माप यावरूनच काढते.

म्हणून ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी तो विकावा असं मी म्हणत नाही. (विकलात तर मला आधी सांगा!) पण फोन कुठलाही असो, चार गोष्टी करूया. मराठी युनिकोडमध्येच लिहूया, म्हणजे दुसऱ्या फोनवर अक्षरांचा चिवडा होणार नाही. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवूया, म्हणजे त्यांचा दर्जा घसरणार नाही. फुकटच्या क्लाउडवर विसंबून राहू नये. ॲपल ५ जीबी देतं, गूगल १५ जीबी, आणि दोन्ही व्हिडिओंनी बघता बघता भरतात. आणि गावातल्या म्हाताऱ्या भजनीबुवांचं रेकॉर्डिंग असेल तर त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक मंडळाच्या कॉम्प्युटरवर ठेवूया. फोन दोन-तीन वर्षांनी बदलतोच. तो आवाज पुन्हा रेकॉर्ड करायला मिळेलच असं नाही.